आठ दातांची हौस

सकाळी पावणेसात

शटर वर केलं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे कुडाळात चेनसॉ दुरुस्त करणाऱ्याला जेवायला फुरसत नाही. मृगाच्या आत कौलांवर आलेल्या फांद्या उतरवायच्या असतात, सुकलेले माड पाडायचे असतात, पावसाळ्याची लाकडं पडवीत रचायची असतात. हे सगळं प्रत्येकाला एकाच आठवड्यात आठवतं. बाकड्याखाली कालची नऊ मशीनं आहेत. चहा येईपर्यंत दोन चेनींना कानस मारून झाली.

सव्वासात

तात्या आले. गोणपाटात गुंडाळलेलं मशीन बाकड्यावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "माका आठ दातांचा होया. सात दातांचा चालना नाय. मेवणो सांगता, आठ दातांचा घाल, मगे बघ कसा पळता."

दात म्हणजे स्प्रॉकेटचे. क्लचच्या ड्रमला लागून असलेलं, चेन ओढणारं हे चाक. मशीनमधल्या स्वस्तातल्या भागांपैकी एक, आणि सगळ्यात जास्त सल्ले याच्याबद्दल. मेव्हण्याचं गणित चूक नाही. एक दात चेनची एक ड्राइव्ह लिंक ओढतो आणि तेवढ्यात चेन दोन पिच पुढे सरकते. तात्यांची चेन ०.३२५ इंच पिचची. सात दातांवर एका फेरीत ती साडेचार इंचांहून किंचित जास्त पळते, आठ दातांवर ५.२ इंच. म्हणजे वेग चौदा टक्के वाढला. पण इंजिन तेच. वेग वाढला तेवढा ओढायचा जोर कमी झाला. आंबोलीचा घाट टॉप गिअरमध्ये चढवायला निघाल्यासारखं.

"तात्या, पट्टी बावीस इंचाची. झाड कसला?"

"आंबो. आज्याच्या वेळचो."

मग तर नकोच. साध्या ३२५च्या चेनवर साधारण सव्वा इंचाला एक कापणारा दात येतो. आठ इंची फांदीत एका वेळी सहा दात लाकडात असतात, दीड फुटी खोडात तेरा-चौदा. अठ्ठावन्न सीसीचं मशीन चौदा दात ओढताना आधीच धापा टाकतं. त्यात आठाचं चाक घातलं, तर क्लच घसरून ड्रम निळा पडेपर्यंत तापायचा.

पण मशीन 'चालना नाय' हेही खरं होतं. गोणपाटाला चिकटलेला भुसा बोटात घेतला, तर पीठ. धारदार चेन पीठ पाडत नाही, चांगल्या जाड कपच्या फेकते. तात्यांना वेग नको होता, धार हवी होती. हे तोंडावर सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दुकानात गेले असते. म्हणून "उघडून बघतंय" म्हटलं आणि त्यांना चहाला पाठवलं.

आठ

या जातीच्या मशीनमध्ये ड्रम क्लचच्या मागे असतो, म्हणून आधी क्लच उतरवायचा. प्लग काढून त्या भोकातून स्टार्टरच्या दोरीचा तुकडा आत सोडायचा, म्हणजे पिस्टन अडतो आणि क्रँक फिरत नाही. क्लचचे आटे उलटे. नवशिका नेहमीसारखा डावीकडे फिरवतो, क्लच आणखी आवळतो आणि मग हातोडी शोधतो. तशी फुटलेली क्लचची पाती डब्यात जपून ठेवली आहेत, पोरांना दाखवायला.

तात्यांच्या स्प्रॉकेटच्या दातांवर चेनने चांगले चर पाडले होते. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चर चालतात, त्यापुढे चाक बदलायचं. यात दात ड्रमलाच जोडलेले, त्यामुळे अख्खा ड्रम नवा घातला, सात दातांचाच. नीडल बेअरिंगला ग्रीस भरलं, चेनला दोन्ही बाजूंनी सारखी कानस मारली. दातापुढचे अडसर उंच राहिले होते, तेही सपाट कानशीने खाली आणले. जुनं चाक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने चर चाचपले आणि आठाचा विषय तेवढ्यापुरता थांबला.

साडेदहा

माड पाडणारा एक पोरगा तावातावाने आला. नवी चेन आठ दिवसांत सैल पडली, म्हणे तुम्ही डुप्लिकेट दिलीत. मी ड्रमकडे बोट केलं. त्या चाकावर याआधी तीन चेनी झिजल्या होत्या. झिजलेल्या चाकाचे दात नव्या लिंकांत नीट बसत नाहीत, चेनला आपल्या मापाने ओढून घेतात. माझा हिशोब साधा आहे: दोन चेनींमागे एक स्प्रॉकेट. गिऱ्हाईकाला वाटतं, मी माल खपवतोय. चेनचे पैसे गेले की मग पटतं.

दुपारी दीड

वीज गेली. डबा उघडला. पंखा नसला की दुकानात बसवत नाही, म्हणून फणसाखाली बसलो. खोडात भिरूड लागलंय, बुंध्याशी भुसा पडलाय. आजची चेन एका अळीमुळेच सुचली. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने बुंध्यात शिरलेली भुंग्याची अळी बघितली. ती सरळ पोखरत नव्हती, जबड्याच्या दोन टोकांनी डावीकडे-उजवीकडे कापत पुढे जात होती. त्यावरून त्याने आलटून पालटून डावे-उजवे दात असलेली चेन बनवली. आमच्या बागायतदारांना भिरूड म्हटलं की कपाळावर आठ्या पडतात. माझं पोट मात्र त्याच्याच नातेवाइकावर चालतं.

तीन

बाहेरून मागवलेली चेन घेऊन एक शिक्षक. "बसत नाही, ठोकून बसवा." कॅलिपर लावला. लागोपाठच्या तीन रिव्हेटांच्या मध्यांमधलं अंतर मोजून अर्धं करायचं, तोच पिच. तीन रिव्हेटांत १९ मिलिमीटर भरले, म्हणजे ३/८ची चेन. मशीनचं चाक ३२५चं, तिथे साडेसोळा लागतात. पट्टीच्या टोकाचं छोटं चाकही त्याच पिचचं असावं लागतं. ठोकून काही होत नाही. चेन परत पाठवायला सांगितलं.

साडेचार

आज आठ दातांचं चाक एकालाच दिलं, आणि त्याने ते मागितलंच नव्हतं. दोडामार्गकडचा गडी, दिवसभर मनगटाएवढी अकेशियाची लाकडं कापतो. बावन्न सीसी, पट्टी सोळा इंचाची. एका वेळी लाकडात दोन-तीन दात, मशीन मोकळं घोंगावतं. त्याच्या ड्रमवर रिम होती, म्हणजे नुसती चकती काढून दुसरी सरकवायची, ड्रमला हात नाही. आठची रिम घातली. एक दात वाढला की चेनला साधारण अर्धी लिंक कमी पडते. ताणाच्या स्क्रूने पट्टी थोडी मागे घेतली आणि भागलं. ३२५ला आठ दात म्हणजे वेगात जवळजवळ ३/८च्या सात दातांएवढं. बाहेर ठेवलेल्या ओंडक्यावर त्याने चालवून बघितलं आणि काही न बोलता हसला.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ येऊन गेल्यावर मी हा फरक करत नव्हतो. रस्ते बंद, माणसं घाईत, मागेल त्याला आठ दात दिले. पंधरा दिवसांत तेच गिऱ्हाईक जळलेले क्लच घेऊन परत आलं. पैसे दोनदा मिळाले. झोप मात्र नीट लागली नाही.

सहा

फळ्या पाडणाऱ्यांचं मोठं मशीन, छत्तीस इंची पट्टी, ३/८. आडवं पडलेलं खोड उभं चिरायचं, म्हणजे एका वेळी वीसेक दात लाकडात. आधीच्या मालकाने आठाची रिम घातली होती. ती काढून सात घातली आणि पुढच्या वेळी कमी दातांची, स्किप चेन घ्या म्हणून सांगितलं. तेलाचं भोक भुशाने बंद होतं, तेही टाचणीने मोकळं केलं.

पावणेआठ

शटर अर्धं खाली असताना तात्यांचा फोन.

"आंबो आडवो झालो."

"बरा झाला."

"पण आठ दातांचा असता तर जेवच्या आधीच झालो असतो."