नसलेल्या पुलांची नोट

युरोच्या नोटांच्या पहिल्या मालिकेत ५ पासून ५०० पर्यंत सात नोटा होत्या. प्रत्येकीच्या मागे एक पूल होता, आणि नोटा निघाल्या तेव्हा त्यांतला एकही पूल पृथ्वीवर कुठे उभा नव्हता. १ जानेवारी २००२ ला बारा देशांतल्या लोकांच्या हाती हे चलन आले. पैशावर राजा असावा, राष्ट्रपुरुष असावा, निदान ओळखीचे एखादे शिल्प असावे, असे आपण गृहीत धरतो. आपल्या २० रुपयांच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत, ५०० च्या नोटेवर लाल किल्ला आहे. युरोवर मात्र कुणाचेच काही नाही, म्हणून या नोटांना निर्जीव, बिनचेहऱ्याच्या असे म्हणणारे पहिल्यापासून आहेत. मला हे म्हणणे पटत नाही. ज्या देशाला स्वतःची सरकारी तिजोरी नाही, सैन्य नाही, सर्वांनी मान्य केलेला एक इतिहासही नाही, अशा कल्पनेतल्या देशाच्या चलनावर कल्पनेतलेच पूल असावेत, यात मोठा प्रामाणिकपणा आहे. नव्या नोटांच्या तयारीत तोच आता गमावला जाण्याची भीती आहे.

हे पूल रेखाटले रॉबर्ट कालिना यांनी. ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेत ते नोटांचे आरेखन करत. तिथल्या जुन्या चलनाच्या, शिलिंगच्या नोटांवर त्यांचा हात बसलेला होता. १९९६ मध्ये युरोच्या नोटांसाठी स्पर्धा झाली आणि डिसेंबरात त्यांची चित्रे निवडली गेली. समोर दारे-खिडक्या, मागे पूल, आणि प्रत्येक नोटेला वास्तुकलेचा एक काळ: ५ वर ग्रीक-रोमन, १० वर रोमनेस्क, २० वर गॉथिक, ५० वर रेनेसान्स, १०० वर बरोक, २०० वर लोखंड आणि काच, ५०० वर विसावे शतक. मला सर्वांत मोह पडतो तो निवडीनंतरच्या कामाचा. सुरुवातीच्या चित्रांत खरे पूल ओळखू येत होते, व्हेनिसचा रिआल्टो त्यांपैकीच. मग एकेक खूण काढून टाकायची होती. नोटेच्या आरेखकाचे सारे आयुष्य हुबेहूबपणा साधण्यात जाते; इथे त्याला उलट कसब दाखवायचे होते. कमान गॉथिकच राहिली पाहिजे, पण ती अमुक शहराची आहे असे कुणी बोट ठेवून म्हणता कामा नये. पुढे नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या स्पाइकेनिसे गावात रॉबिन स्टॅम या डिझायनरने हे सातही पूल नोटांच्याच रंगांत प्रत्यक्ष उभारले. २०१३ पर्यंत ते पूर्ण झाले.

चेहरा नसेल तर विश्वास कसा बसेल, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर संकटकाळाने दिले. पहिल्या मालिकेतल्या प्रत्येक नोटेच्या क्रमांकाआधी एक अक्षर असे आणि ते कोणत्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे हे त्यावरून कळे: जर्मनी एक्स, ग्रीस वाय, इटली एस. युरो देशांतल्या कर्जसंकटाच्या वर्षांत याच अक्षरावरून एक्सच्या नोटा जपाव्यात, वायच्या टाळाव्यात, अशी चर्चा पसरली. कायद्याने दोन्हींत तसूभर फरक नव्हता. म्हणजे नोटेने संशय जागवला तो देश दिसला तेवढ्याच जागी. २०१३ पासूनच्या दुसऱ्या मालिकेत ते अक्षर देशाचे न राहता छापखान्याचे झाले. आणि ग्रीसमध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात बँका तीन आठवडे बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच निघत होते. पुन्हा जुने चलन द्राख्मा येईल या धास्तीने लोकांनी घरात साठवल्या त्या याच बिनचेहऱ्याच्या नोटा.

दुसरा आक्षेप नाण्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. नाण्याची एक बाजू सामाईक, बेल्जियमच्या ल्यूक ल्युक्स यांनी केलेली. दुसरी प्रत्येक देशाची. ग्रीसच्या एक युरोवर अथेन्सचे प्राचीन घुबड, इटलीच्या नाण्यावर लिओनार्दोचा मानवदेह, आणि दोन्ही नाणी हेलसिंकीच्या दुकानात बिनतक्रार चालतात. मग नोटांनाच एवढा संकोच का? कारण संकोच सोडला की काय होते हे नाण्यांनीच दाखवले. २०१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईला २०० वर्षे झाली म्हणून बेल्जियमने दोन युरोचे नाणे काढायचे ठरवले. नेपोलियनच्या पराभवाचे नाणे आपल्या लोकांच्या खिशात नको म्हणून फ्रान्सने हरकत घेतली. बेल्जियमला ते मागे घ्यावे लागले आणि शेवटी अडीच युरोचे नाणे निघाले, जे फक्त बेल्जियममध्ये चालते. एकाचे स्मारक ही दुसऱ्याची जखम असते. ती जखम सर्वांनी मिळून काढलेल्या नोटेवर आली असती तर अडीच युरोची पळवाटही उरली नसती. इतक्या भाषांचा भारत खरी स्थळे छापू शकतो, मग युरोपला काय अडले, असे आपल्याकडचा वाचक विचारील. पण आपल्या नोटेमागे एक संसद आहे, एक करव्यवस्था आहे. वेरूळ तमिळ माणसाला परके वाटत नाही, कारण देश आधी आहे आणि चित्र नंतर.

आता या नोटा बदलणार आहेत. युरोपीय मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये तसे जाहीर केले आणि २०२३ मध्ये दोन विषय निवडले. एक संस्कृतीचा: मारिया कॅलास, बीथोव्हन, मारी क्युरी, सर्व्हांटिस, लिओनार्दो आणि बर्था फॉन झुटनर. दुसरा नद्या आणि पक्षी: खंड्या, वेडा राघू, पांढरा करकोचा. पहिल्या यादीतली माणसे थोर आहेत याबद्दल वाद नाही. वाद त्यांच्या गावाचा होणार. क्युरी वॉर्सात जन्मल्या, काम पॅरिसमध्ये केले, आणि पोलंड अजून युरो वापरत नाही. झुटनर यांचा जन्म प्रागचा, तिथेही युरो नाही. कॅलास ग्रीक आईबापांच्या पोटी न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या. बीथोव्हन बॉनचा की व्हिएन्नाचा? लिओनार्दोने डोळे मिटले ते फ्रान्समध्ये. ही माणसे सीमा ओलांडून जगली हेच त्यांचे मोठेपण, असे समर्थक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण नोट हाती घेणारा चरित्र वाचत नाही, चेहरा बघतो आणि तो आपला की त्यांचा एवढेच ठरवतो. शिवाय नव्या मालिकेतल्या सहा नोटांवर सहाच चेहरे मावतात. उरलेल्या देशांनी आपले कोण, हे विचारायचे कुणाला? करकोच्याला हा प्रश्न लागू होत नाही, नदीलाही नाही. पूल जाणारच असतील तर त्यांची जागा नद्यांना आणि पक्ष्यांना द्यावी. चेहऱ्यांचा मोह युरोपने टाळावा.