रक्ताची चढण

हृदयातून निघालेलं रक्त पायाच्या बोटांपर्यंत उतरतं, यात नवल कसलं? मागून ठोका रेटतोय, खालून पृथ्वी ओढतेय. नवल आहे ते पुढचं. तेच रक्त परत वर येतं! घोट्यापासून छातीपर्यंत जवळजवळ सव्वा मीटरची उभी चढण, आणि हृदयाने दिलेला रेटा तर बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाता जाताच बहुतेक संपलेला. मग हे रक्त वर चढवतं कोण?

तुमची पोटरी चढवते. पोटरीचे स्नायू एका घट्ट, न ताणणाऱ्या आवरणात बसवलेले आहेत. पायातल्या रक्ताचे दहातले नऊ भाग वाहून नेणाऱ्या खोल शिरा या स्नायूंच्या मध्येच दडलेल्या असतात. पाऊल टाकलं की स्नायू फुगतो. बाहेरच्या बाजूला फुगायला जागा नाही, म्हणून तो आतल्या शिरेला पिळतो आणि रक्त उसळतं. पुढचं पाऊल, पुढची पिळणी. डॉक्टर मंडळी पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगीच नाही.

पण थांबा. शीर पिळली तर रक्त वर जाईल तसं खालीही जाईल. ते फक्त वरच का जातं?

परभणीच्या काळ्या रानात ज्याच्या विहिरीवर मोटार आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. पाइपाच्या तळाला फूट व्हॉल्व्ह असतो. गावात सगळे त्याला ‘फुटबॉल’च म्हणतात. तो पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. त्यात काडीकचरा अडकला की मोटार बंद झाल्याबरोबर पाइपातलं सगळं पाणी पुन्हा विहिरीत, आणि सकाळी पाइप भरल्याशिवाय मोटार पाणी उचलत नाही. आपल्या पायाच्या शिरांत असे फुटबॉल, म्हणजेच झडपा, एक नाही, ओळीने अनेक आहेत. प्रत्येक म्हणजे समोरासमोर लटकणारे दोन नाजूक पडदे. इतके पातळ की त्यांच्यातून पलीकडचं दिसावं, आणि तरी ते जन्मभर रक्ताचा भार तोलतात. रक्त वर निघालं की पडदे भिंतीला चिकटतात, मागे फिरलं की फुगून एकमेकांना भिडतात. वाट बंद!

याचा परिणाम आकड्यांत बघा. तुम्ही स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत पोचतो, म्हणजे छातीपासून घोट्यापर्यंतच्या अख्ख्या रक्तस्तंभाचं वजन तिथे येतं. आता दहा-बारा पावलं चाला. झडपा धड असतील तर तोच दाब ३०च्या खाली येतो. माणूस तोच, उंची तीच, आणि दाब तिपटीने कमी. केवळ चालण्यामुळे!

या झडपा तुम्हाला आत्ता, बसल्या जागी, स्वतःच्या हातावर दिसू शकतात. दंडाला रुमाल बांधा, फार आवळू नका. मूठ चारदा उघडा-मिटा. मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा वर येतील आणि त्यांच्यावर मधेमधे बारीक गाठी दिसतील. त्या गाठी म्हणजे झडपा. आता एका गाठीच्या खाली, मनगटाच्या बाजूला, शिरेवर बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून वर, गाठीच्या पलीकडेपर्यंत, शीर पुसत न्या आणि ते बोट उचला. गाठीच्या वरचा भाग भरलेला राहील, पण गाठ आणि दाबलेलं बोट यांच्यामधला तुकडा रिकामाच राहील. वर रक्त आहे, वाट मोकळी दिसते, तरी ते खाली येत नाही. मग दाबलेलं बोट काढा. खालून रक्त सरकन येऊन शीर भरून जाईल. झालं की रुमाल लगेच सोडा.

हा प्रयोग विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली आपल्या पुस्तकात चित्रांसह छापला. त्याचे गुरू फॅब्रिशियस इटलीत पाडुआला शिकवत. त्यांनी १६०३ मध्ये या झडपांवर पुस्तक लिहिलं, पण त्यांना वाटलं की पायांत फार रक्त साचू नये म्हणून त्या नुसता वेग कमी करतात. हार्वेने वेगळा प्रश्न विचारला: या सगळ्या झडपा हृदयाच्याच दिशेने का उघडतात? पुढे रॉबर्ट बॉइलने नोंदवून ठेवलं की रक्त शरीरात गोल फिरतं ही कल्पना हार्वेला सुचली ती या झडपांमुळेच. विचार करा, रक्ताभिसरणाचं सगळं शास्त्र या पडद्यांना टेकून उभं राहिलं, आणि तेच पडदे आपल्या पायात रोज, हजारो वेळा, उघडझाप करतायत.

आता यातला एक पडदा ढिला पडला तर? जांघेत, जिथे पायाच्या आतल्या बाजूने येणारी लांब, वरची म्हणजे कातडीलगतची शीर खोल शिरेला मिळते, तिथली झडप गळायला लागली असं धरा. वर ढकललेलं रक्त खाली झिरपतं. तो भार खालच्या झडपेवर येतो, तिथली शीर रुंदावते, रुंदावली की पडद्यांची टोकं एकमेकांना पोचेनाशी होतात. मग तीही गळते, मग तिच्या खालची. वरच्या शिरांना स्नायूंचा आधार नाही, त्या कातडीखालच्या चरबीतून जातात. त्यामुळे त्या फुगतात, लांबतात, आणि लांबलेल्या शिरेला सरळ बसायला जागा नसते म्हणून वळणं घेतात. पायावर दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या वेटोळ्यांचं रहस्य एवढंच. याच त्या व्हेरिकोज व्हेन्स. चार पायांवर चालणाऱ्या जनावरांत हा त्रास सहसा दिसत नाही. दोन पायांवर उभं राहून माणसाने हात मोकळे करून घेतले, आणि त्याची किंमत घोट्याशी मोजली.

कोणाला होतं? आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. वय वाढतं तशी शीर सैलावते. गरोदरपणात रक्त वाढतं, संप्रेरकांनी शिरांच्या भिंती शिथिल होतात आणि गर्भाचा भार ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर पडतो, म्हणून कित्येक बायकांची पहिली शीर पहिल्या बाळंतपणात उमटते. वजनाचाही वाटा आहे. आणि मग उभ्याचं काम. मानवतच्या जिनिंगमधला कामगार, पूर्णा जंक्शनवरचा चहावाला, लग्नसराईत भट्टीपुढे तासन्‌तास उभा असलेला आचारी, चौकातला वाहतूक पोलीस, फळ्यापुढचे गुरुजी, आणि ओट्याशी उभी घरोघरची बाई, जिचं उभं राहणं कोणी कामाच्या तासांत धरत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. ‘फार चालून नसा फुगल्या’ असं सर्रास ऐकू येतं. उलट आहे! दरवर्षी आषाढीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. सुमारे महिनाभर चालणाऱ्या त्या वारकऱ्याच्या पोटऱ्या प्रत्येक पावलाला रक्त वर फेकतायत. पायाला फोड येतील, पिंढऱ्या भरून येतील, पण शिरांच्या दृष्टीने हा सुखाचा काळ. त्याच वाटेवर कढईपुढे उभं राहून त्यांच्यासाठी पुऱ्या तळणाऱ्याच्या शिरांवर भार जास्त.

ओळखायचं कसं? संध्याकाळी, चांगल्या उजेडात, उभं राहून पाय बघा. झोपून बघितलं तर शिरा रिकाम्या होतात आणि काहीच सापडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा दिसण्यापुरत्याच असतात. उभं असताना ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, वर आलेली, वळणं घेतलेली शीर असेल तर ती व्हेरिकोज. दिवस कलला की पाय जड पडतात, घोट्यावर मोज्याचा वळ उठतो, रात्री पोटरीत गोळे येतात, शिरेवर खाज सुटते. गंमत अशी की दोरखंडासारख्या शिरा असलेल्याला काहीच त्रास नसतो आणि जेमतेम दिसणाऱ्या शिरांचा माणूस रात्रभर पाय चोळत बसतो. शिरेच्या जाडीवरून आजार मोजता येत नाही.

कातडीचा रंग मात्र फसवत नाही. आतल्या घोट्याच्या वर तपकिरी-काळपट डाग पडू लागला, तर तिथे काय चाललंय माहीत आहे? साचलेल्या दाबाने लाल पेशी शिरेबाहेर झिरपतात, फुटतात, आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठून राहतं. पुढे तिथली कातडी कडक होते, खाजते, आणि एखाद्या क्षुल्लक खरचटण्याचं निमित्त होऊन जखम होते ती भरतच नाही. आपल्याकडे हिला कोणी इसब म्हणतं, कोणी वात म्हणून तेलाने रगडतं, आणि मलमाच्या ट्यूबा बदलत वर्षं जातात. जखम घोट्याशी असते, पण दुखणं बहुतेकदा वर, मांडीतल्या गळक्या झडपेत असतं. ते दुरुस्त होत नाही तोवर मलम बिचारं काय करणार? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत गळकी शीर लगेच बंद केलेल्या रुग्णांची जखम भरायला साधारण ५६ दिवस लागले. आधी नुसती पट्टी बांधून वाट पाहिलेल्यांना ८२.

गळती नेमकी कुठे, हे शोधणारं यंत्र ताऱ्यांच्या अभ्यासातून आलंय! ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये प्रागला जोडताऱ्यांच्या रंगांविषयी सिद्धान्त मांडला: जवळ येणाऱ्या वस्तूची लहर आखूड होते, दूर जाणारीची लांबते. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये धावत्या आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवून ते आवाजाच्या बाबतीत पडताळलं गेलं. आज सोनोग्राफीच्या खोलीत तुम्हाला उभं करतात, मांडीवर जेल लावून प्रोब टेकवतात आणि पोटरी हाताने दाबतात. यंत्राच्या पडद्यावर एका रंगाचा झोत उमटतो: रक्त वर निघालं. हात सोडतात. झडप धड असेल तर पडदा काळा. गळकी असेल तर लगेच दुसऱ्या रंगाचा झोत: रक्त परत फिरलं. हा उलटा झोत वरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला की झडप निकामी ठरते. अर्धा सेकंद! तुमच्या वर्षानुवर्षांच्या पायदुखीचा निवाडा तेवढ्यात होतो.

उपचारांत सगळ्यात साधा म्हणजे दाबमोजे. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला स्वतःला शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायाला आराम पडतो हे त्याच्या ध्यानात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी कमी. त्याने तसाच दाब देणारे मोजे बनवले. जिराफाला हे मोजे जन्मतःच मिळालेत: त्याच्या पायाची कातडी इतकी जाड आणि घट्ट असते की एवढं उंच जनावर असूनही पायाला सूज येत नाही. मोजे सकाळी, पाय सुजण्याआधी, शक्यतो अंथरुणातच चढवावेत. मात्र मधुमेह असेल, तंबाखू-विडीची सवय असेल, तर आधी डॉक्टरांकडून पावलातली नाडी तपासून घ्या. पायाला रक्त नेणाऱ्या धमन्याच अरुंद असतील तर घट्ट मोजा घातक ठरू शकतो.

मोजे झडप दुरुस्त करत नाहीत, नुसती बाजू सावरतात. कायमचा उपाय म्हणजे ती शीर बाद करणं. १९०७ मध्ये बॅबकॉक या शल्यविशारदाने आत तार घालून अख्खी शीर ओढून काढायची पद्धत आणली आणि तीच जवळजवळ शतकभर चालली. आता गुडघ्याजवळ सुईच्या छिद्रातून लेझरचा केसासारखा तंतू आत सोडतात, सोनोग्राफीत बघत बघत जांघेच्या थोडं अलीकडे थांबवतात, शिरेभोवती भूल मिसळलेलं गार पाणी भरतात आणि तंतू हळूहळू मागे ओढतात. उष्णतेने शीर आतून भाजून आक्रसते. भोवतालचं पाणी शीर तंतूवर दाबून बसवतं आणि कातडीला, मज्जातंतूंना झळ लागू देत नाही. रुग्ण थोड्याच वेळात उठून चालू लागतो, चालायलाच सांगतात. औषधाचा फेस करून शिरेत सोडायची पद्धत आहे, आणि वैद्यकीय गोंदाने शीर चिकटवायचीही. तो गोंद फेविक्विकच्याच रासायनिक कुळातला.

शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून? खोल शिरांतून, जिथून ते आधीच जातंय. गळकी शीर तर त्यांच्या कामात खोडाच घालत होती. शिवाय या शिरेवाचून शरीराचं किती सहज भागतं याचा पुरावा हृदयाच्या शस्त्रक्रियागृहात आहे: रेने फावालोरो यांनी १९६७ पासून क्लीव्हलँडला पायाची हीच शीर हृदयाच्या बायपाससाठी वापरण्याचा पायंडा पाडला. ती जोडताना उलटी करून जोडतात. का? सरळ जोडली तर झडपा रक्त अडवतील! पण बायपासला शीर धड लागते, म्हणून शिरा फार बिघडायच्या आत डॉक्टरांना दाखवा. चांगली शीर जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे.

परभणीत जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते त्याला विचारून घ्या. एकच पाय अचानक सुजला आणि दुखू लागला तर मात्र चौकशीत वेळ घालवू नका. ती खोल शिरेतली गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा पायाला मालिश अजिबात नको, त्याच दिवशी दवाखाना.

आणि फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली तर? घाबरून मांडीला आवळून दोरी बांधली जाते, आणि तीच चूक होते. वरची वाट बंद झाल्याने धार वाढते. माणसाला आडवं करा, पाय छातीपेक्षा वर उचला, फुटल्या जागी स्वच्छ फडकं घेऊन बोटांनी दाबून धरा. उभं असताना ९० मिलिमीटर असलेला दाब पाय वर जाताच जवळपास शून्यावर येतो आणि धार थांबते. दहा-पंधरा मिनिटं दाब सोडू नका, मग घट्ट पट्टी बांधून, पाय वरच ठेवून, गाडीत घाला.