गोलरक्षिकेची वाटचाल

हॉकीच्या संघात सर्वांत कमी धावावे लागते ते गोलरक्षकाला. परंतु सर्वांत मोठी जबाबदारीही त्याच्यावरच असते. आघाडीच्या खेळाडूची चूक खेळाच्या ओघात विरून जाते, गोलरक्षकाची चूक मात्र गुणफलकावर उमटते. बर्फावरील हॉकी असो वा मैदानी, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच आहे.

बर्फावरील हॉकीत १९९२ साली मानों रेओम या कॅनडाच्या गोलरक्षिकेने टँपा बे या पुरुषांच्या व्यावसायिक संघाकडून एका प्रदर्शनीय सामन्यात गोल सांभाळला, तेव्हा ती मोठी नवलाची गोष्ट ठरली. आपल्या देशात तो खेळ मुख्यतः लडाखसारख्या थंड प्रदेशांत रुजला आहे. त्यामुळे भारतीय गोलरक्षिकेचे जीवन जाणून घ्यायचे तर मैदानी हॉकीकडेच वळावे लागते. बंगळूर शहराच्या पूर्वेकडील इंदिरानगरातून निघून सारे शहर ओलांडले, की पश्चिमेस ज्ञानभारती परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र लागते. राष्ट्रीय महिला संघाची शिबिरे येथे भरतात. सविता पुनिया हिच्या आयुष्याची कित्येक वर्षे याच मैदानावर गेली.

सविताचा जन्म १९९० साली हरियाणातील सिरसा जिल्ह्यात, जोधकाँ या गावी झाला. गोलरक्षिकेचे जडशीळ साहित्य पाठीवर घेऊन ती बसने सरावाला जात असे. २०११ साली तिला भारताकडून खेळण्याची संधी मिळाली; ऑलिंपिकमध्ये ती प्रथम उतरली ती २०१६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. ही कला उशिरा पिकते, कारण तिचा आधार केवळ चपळता नव्हे. ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच गोल एकट्या देहाने झाकता येत नाही. म्हणून गोलरक्षिका पुढे सरकून प्रतिस्पर्ध्यासमोरचा कोन अरुंद करते, आणि चेंडू सुटण्यापूर्वीच काठीच्या व खांद्याच्या हालचालीवरून त्याची दिशा ताडते. असे वाचन शेकडो सामन्यांनंतरच अंगवळणी पडते.

या कलेची खरी कसोटी शूटआउटमध्ये लागते. प्रतिस्पर्धी २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि गोल करण्यासाठी त्याला आठ सेकंद मिळतात. गोलरक्षिकेने घाई केली तर ती फसते. पाय रोवून धीराने उभे राहिल्यास उलट प्रतिस्पर्ध्याचाच वेळ सरत जातो. २०१७ साली आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने चीनला शूटआउटमध्ये ५-४ असे हरविले, आणि सविता स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षिका ठरली. पुढील वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तथापि तेव्हाही तिच्यापाशी कायमची नोकरी नव्हती. ज्या कलेला पिकण्यास दहा वर्षे लागतात, तिच्या साधकाने तोवर उदरनिर्वाह कसा करावा, हा प्रश्न येथे उभा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये महिलांची स्वतंत्र हॉकी इंडिया लीग प्रथमच भरली. तोवर सविता चौतीस वर्षांची झाली होती.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २ ऑगस्ट २०२१ रोजी भारताने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० असे नमवून प्रथमच उपांत्य फेरी गाठली. गुरजीत कौरने केलेला तो एकमेव गोल अखेरपर्यंत पुरला, याचे बरेचसे श्रेय सविताच्या भक्कम रक्षणाला होते. पुढील वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ती संघाची कर्णधार होती. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शूटआउट सुरू झाले. पहिला प्रयत्न सविताने रोखला. परंतु घड्याळ सुरूच झाले नव्हते, असे सांगून पंचांनी तो पुन्हा घेण्यास लावला. या खेपेस गोल झाला, आणि भारत तो सामना हरला.

जे एकदा यशस्वीपणे केले ते पुसले जावे आणि त्यावर पराभव पदरी यावा, याहून कठीण प्रसंग गोलरक्षिकेवर क्वचितच येत असेल. दोनच दिवसांनी, ७ ऑगस्ट रोजी, कांस्यपदकासाठी न्यूझीलंडशी झालेला सामनाही शूटआउटवरच येऊन ठेपला. न्यूझीलंडला त्यात एकच गोल करता आला. भारत २-१ असा विजयी झाला. झाला गोल विसरून पुढच्या आठ सेकंदांसाठी पुन्हा उभे राहणे, हाच गोलरक्षिकेचा व्यवसाय होय.