सजीव इतिहास-संग्रहालयातील संशोधकाचे कार्य : प्लिमथ येथील एक उदाहरण

ग्रंथ लिहिणाऱ्या इतिहासकाराला एक मोठी सवलत असते. पुरावा जेथे संपतो, तेथे त्याला थांबता येते. ‘याविषयी साधने मूक आहेत’ एवढे एक वाक्य लिहून तो पुढच्या प्रकरणाकडे वळतो आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. उलट, त्याच्या संयमाची प्रशंसाच होते. सजीव इतिहास-संग्रहालयात काम करणाऱ्या संशोधकाला ही सवलत नाही. तेथे चुलीवर काही तरी भांडे ठेवावेच लागते आणि भांड्याजवळ बसलेल्या स्त्रीला काही तरी वस्त्र नेसवावेच लागते. प्रेक्षकाने प्रश्न विचारला, की त्या स्त्रीला कोणत्या तरी उच्चारांत आणि कोणत्या तरी सर्वनामाने उत्तर द्यावे लागते. ग्रंथातील कोरी जागा कोरी राहू शकते. स्वयंपाकघरातील राहू शकत नाही. या एका भेदातून या व्यवसायातील बहुतेक सर्व अडचणी उद्भवतात.

ज्या संग्रहालयात वस्तू कपाटात न मांडता तिच्या मूळ परिसरात, प्रत्यक्ष वापरात दाखविली जाते, त्यास येथे सजीव इतिहास-संग्रहालय म्हटले आहे. या कल्पनेचा उगम स्वीडनमध्ये झाला. आर्टुर हाझेलिउस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय स्थापन केले आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरे उचलून तेथे आणली. अमेरिकेत व्हर्जिनियाची जुनी राजधानी विल्यम्सबर्ग हिच्या पुनर्रचनेस १९२६ मध्ये आरंभ झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘प्लिमथ प्लँटेशन’ ही संस्था हेन्री हॉर्नब्लोअर यांनी १९४७ मध्ये स्थापिली. २०२० पासून तिचे नाव ‘प्लिमथ पटक्सेट’ असे आहे. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या इंग्लिश वसाहतकारांचे गाव तेथे नव्याने उभारलेले आहे. हे गाव सदैव १६२७ या एकाच वर्षात असते.

हेच वर्ष का, या प्रश्नाच्या उत्तरातच संशोधकाच्या पद्धतीचा पहिला धडा आहे. १६२७ मध्ये वसाहतीतील गुरांची वाटणी झाली. त्यासाठी माणसांचे प्रत्येकी १३ जणांचे १२ गट पाडण्यात आले आणि त्यांची नावे नोंदली गेली. स्त्रिया व मुले यांसह १५६ व्यक्तींची ही यादी म्हणजे जणू गावाची शिरगणतीच होय. त्याच वर्षी इसाक द रासिएर हा डच अधिकारी गावात येऊन गेला. गावाची रचना, कुंपण आणि टेकडीवरील तोफा यांचे वर्णन त्याच्या पत्रात आढळते. त्याखेरीज गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहिलेला वसाहतीचा इतिहास उपलब्ध आहे. तात्पर्य, वर्ष ठरविताना घटनेचे महत्त्व नव्हे, तर पुराव्याची घनता निर्णायक ठरली.

वस्तूंच्या बाबतीत मुख्य साधन म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या याद्या. प्लिमथ वसाहतीत १६३३ पासूनच्या अशा याद्या मिळतात. शेजारी घरात शिरत, खोलीमागून खोली पाहत आणि प्रत्येक वस्तूची किंमत टिपून ठेवीत. या याद्यांनी लोकसमजुतीला चांगलाच धक्का दिला. काळा वेष आणि बकल लावलेली टोपी हे या वसाहतकारांचे चित्र एकोणिसाव्या शतकाने घडविलेले आहे. याद्यांत मात्र रंगीत वस्त्रे आढळतात. धर्मनिष्ठ वडीलधारा विल्यम ब्रूस्टर याच्या मालमत्तेत जांभळ्या रंगाचा कोट होता. ओंडक्यांच्या घरांचीही तीच गत झाली. इंग्लिश वसाहतकार लाकडी सांगाड्याची, फळ्यांनी मढविलेली घरे बांधीत, हे हॅरल्ड शर्टलेफ यांच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने दाखवून दिले.

परंतु ही यादी सर्वज्ञ नव्हे. ज्या वस्तूला किंमत नाही, ती यादीत येत नाही. विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्याने पतीची. त्यामुळे पतीच्या हयातीत ती वारली, तर तिच्या वस्तूंची वेगळी यादी सहसा होत नसे. भांडे होते एवढे यादी सांगते. ते चुलीच्या कोणत्या बाजूस ठेवीत, हे सांगत नाही. उत्खनन या उणिवा काही अंशी भरून काढते. पुरातत्त्वज्ञ जेम्स डीट्झ यांचे कार्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांच्या प्रेरणेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस घरांतील मौल्यवान जुन्या वस्तू हलवून त्यांच्या जागी वापरता येतील अशा प्रतिकृती ठेवण्यात आल्या. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावातील निवेदक १६२७ मधील विशिष्ट व्यक्ती म्हणून, प्रथमपुरुषी बोलू लागले.

येथून प्रश्नाला भाषिक स्वरूप येते. कोल्हापूरजवळील कणेरी येथील सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदारांचे जे पुतळे आहेत, ते आपापल्या कामात मग्न आहेत; त्यांना कोणी प्रश्न विचारीत नाही. प्लिमथमधील ‘ब्रॅडफर्ड’ला मात्र दिवसभर बोलावे लागते. मग त्याने कसे बोलावे?

सर्वांना एकच ‘जुनी इंग्रजी’ बोलावयास लावणे हा सोपा मार्ग होता. परंतु तो शास्त्रशुद्ध ठरला नसता. ब्रॅडफर्ड हा यॉर्कशरमधील ऑस्टरफील्डचा, ब्रूस्टर नॉटिंगहॅमशरमधील स्क्रूबीचा, तर एडवर्ड विन्स्लो वुस्टरशरमधील ड्रॉइटविचचा. त्यांच्यापैकी कित्येकांनी हॉलंडमधील लायडन येथे अनेक वर्षे काढलेली होती. एवढ्याशा गावात इंग्लंडच्या अनेक प्रांतांच्या बोली एकमेकींच्या शेजारी नांदत असल्या पाहिजेत. म्हणून प्रत्येक भूमिकेला तिच्या मूळ प्रांताची बोली देण्याचा प्रघात पडला.

या बोलींच्या पुनर्रचनेस तीन प्रकारचा पुरावा मिळतो आणि तिन्हींना मर्यादा आहेत. पहिला पुरावा तत्कालीन उच्चारविषयक ग्रंथांचा. अलेक्झांडर गिल याच्या १६१९ मधील लॅटिन ग्रंथात इंग्रजी ध्वनींचे सूक्ष्म वर्णन आहे. पण गिल हा लंडनमधील शाळेचा मुख्याध्यापक होता आणि शिष्ट उच्चारांचा पक्षपाती होता. दुसरा पुरावा दप्तरांतील अनियमित लेखनाचा. अँडर्स ऑर्बेक यांनी १९२७ मध्ये प्लिमथसह मॅसॅच्युसेट्समधील काही गावांच्या सतराव्या शतकातील नोंदींवरून उच्चारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मर्सी’ हा शब्द ‘मार्सी’ असा लिहिलेला आढळला, की स्वराचा अंदाज येतो; मात्र तो कान कारकुनाचा असतो, बोलणाऱ्याची जीभ नव्हे. तिसरा पुरावा अर्वाचीन बोलींचा. हॅरल्ड ऑर्टन यांच्या नेतृत्वाखाली लीड्स विद्यापीठाने १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडमधील ३१३ ठिकाणी केलेली बोलींची पाहणी अमोल आहे. परंतु तिच्या आधारे १६२७ मधील उच्चार ठरविणे म्हणजे आजच्या मावळी बोलीवरून शिवकालीन मावळ्याचे उच्चार ठरविण्याइतकेच जोखमीचे होय.

सर्वनामांचा प्रश्न तर मराठी अभ्यासकाला तत्काळ जाणवेल असा आहे. सतराव्या शतकातील इंग्रजीत ‘दाउ’ आणि ‘यू’ यांचा भेद आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याशी पुष्कळ अंशी जुळणारा होता. लंडनच्या परिसरात ‘दाउ’ मागे पडत चालले होते. उत्तरेत व पश्चिमेत ते टिकून होते. पती पत्नीस, मालक नोकरास आणि नोकर मालकास काय म्हणे? बदनामीच्या खटल्यांतील साक्षींत बोललेले शब्द जसेच्या तसे टिपलेले असतात आणि तेथे ‘दाउ’ विपुल आढळते. परंतु ते भांडणातील ‘दाउ’ होय. जेवताना मीठ मागणारा मनुष्य कोणते सर्वनाम वापरी, याची साक्ष कोणत्याही न्यायालयाने घेतलेली नाही. भूमिका करणाऱ्याला मात्र मीठ दररोज मागावे लागते.

अशा स्थितीत संशोधकाने विधानांच्या तीन प्रती मनात स्पष्ट ठेवणे अगत्याचे ठरते : जे साधनात सापडले ते, जे साधनांवरून अनुमानिले ते, आणि जे केवळ जागा भरण्यासाठी योजिले ते. उदाहरणार्थ, १६२१ च्या सुगीच्या प्रसिद्ध मेजवानीविषयी विन्स्लोच्या पत्रात एवढेच येते, की रानपक्ष्यांची शिकार झाली, मॅसासॉइट आपल्या सुमारे ९० माणसांसह तीन दिवस राहिला आणि त्यांनी ५ हरणे आणली. ही पहिली प्रत होय. त्या पक्ष्यांत टर्की असावी, ही दुसरी. ती कशी शिजविली, हे सांगणे म्हणजे तिसरी. प्रेक्षकाला मात्र तिन्ही एकाच मुखातून, एकाच आत्मविश्वासाने ऐकू येतात. अभिनय जितका उत्तम, तितका भेद अधिक झाकला जातो. हा भेद निदान संस्थेच्या टिपणांत तरी नोंदलेला नसेल, तर काही वर्षांनी खुद्द संशोधकालाही आपले अनुमान पुरावा वाटू लागण्याचा धोका आहे.

जागा न भरण्याचा मार्गही असू शकतो, हे त्याच संग्रहालयाच्या दुसऱ्या भागात दिसते. वसाहत जेथे वसली, तेथे पूर्वी वाम्पनोआग लोकांचे पटक्सेट हे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळातील साथीने ते ओस पडले. संग्रहालयातील वाम्पनोआग वस्तीवर काम करणारे मूलनिवासी निवेदक पारंपरिक वेष करतात, होडकी कोरतात, स्वयंपाक करतात. परंतु सतराव्या शतकातील कोणाची भूमिका घेत नाहीत. ते आजची माणसे म्हणून, आजच्या भाषेत बोलतात. त्यांच्या पूर्वजांविषयीचा बराचसा लिखित पुरावा वसाहतकारांच्या लेखणीतून आला आहे. तो पुरावा पूर्वजांचा आवाज म्हणून उच्चारण्यापेक्षा, आपण वंशज आहोत असे सांगून बोलणे अधिक प्रामाणिक ठरते.

त्यांची भाषाही या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. जॉन एलियटचे बायबल या भाषेत १६६३ मध्ये छापले गेले. पुढे तिच्या भाषकांनी स्वतः लिहिलेली खरेदीखते व मृत्युपत्रेही टिकून राहिली. तरीही शंभराहून अधिक वर्षे ती अस्खलित बोलणारे कोणी उरले नव्हते. १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड यांनी तिच्या पुनरुज्जीवनाचे कार्य आरंभिले आणि भाषाशास्त्रज्ञ केनेथ हेल यांचे साहाय्य त्यांना लाभले. येथेही जुन्या कागदांवरून उच्चार सिद्ध करावे लागले, तुटलेल्या जागा सगोत्र भाषांच्या आधारे भराव्या लागल्या. पद्धत तीच; हेतू मात्र भिन्न. ही पुनर्रचना प्रेक्षकांसाठी नसून मुलांसाठी आहे, आणि मुले ती बोलू लागली, की तिला पुराव्याची गरज उरत नाही.

सजीव संग्रहालयातील संशोधकाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. त्याने सिद्ध केलेली बोली सायंकाळी दरवाजे बंद झाले, की थांबते. म्हणूनच तिच्यातील सापडलेले किती आणि भरलेले किती, याचा हिशेब त्याला नित्य ठेवावा लागतो.