भोजनातील मात्रा आणि चहातील साखर

अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात गिरिमानंद सुत्त आहे. आजारी पडलेल्या गिरिमानंद भिक्खूंसाठी तथागतांनी आनंदांना जो उपदेश सांगितला, त्यात मानवी शरीराला जडणाऱ्या व्याधींची लांबलचक नामावली येते आणि तीत 'मधुमेहो' हा शब्द स्पष्टपणे आढळतो. मधुमेह हा आधुनिक काळाचाच रोग होय, ही आपल्याकडील समजूत या एका शब्दाने ढळते. नवे आहे ते त्याचे प्रमाण. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोक मधुमेही असून 13 कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अमरावती-अकोल्याच्या आपल्या वस्त्यांतही वंदनेनंतर चार ज्येष्ठ उपासक एकत्र बसले की बोलणे लवकरच 'शुगर'वर येते.

तरीही वऱ्हाडात गोड नाकारणे सोपे नाही. अकोल्याच्या वा बडनेऱ्याच्या एखाद्या घरी दुपारी गेल्यास 'घोटभर चहा तं घ्या' हा आग्रह टळत नाही. कमी साखरेचा चहा पाहुण्यापुढे ठेवणे म्हणजे हात आखडणे, असे घरची माउली मानते. या आग्रहामागे केवळ आतिथ्य नाही, आपला इतिहास आहे. चहाच्या हॉटेलात आपल्या वाडवडिलांचा कप वेगळा ठेवलेला असे आणि तो त्यांनाच विसळून ठेवावा लागे. सणाचे गोडधोड घरात येई ते बहुधा दुसऱ्याच्या घरचे उरलेले. उष्टे-शिळे अन्न मागून आणू नका, असे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 मध्ये महाड येथे बजावले. पुढे ज्या घरात स्वतःच्या कमाईची साखर आली, त्या घरात ती सन्मानाची खूण ठरली. साखर कमी करा असे सांगणाऱ्याने हे विसरू नये; अन्यथा त्याचे कोणी ऐकणार नाही, आणि ते योग्यच होईल.

हिशेब मात्र डोळ्यांआड करता येत नाही. चहाच्या एका चमच्यात साखर साधारणतः 4 ते 5 ग्रॅम मावते. दिवसाचे सहा कप व प्रत्येकी दोन चमचे धरले, तर केवळ चहातून 50 ते 60 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये असे सुचविले की, वरून घातलेली तसेच मध व फळांच्या रसातील साखर मिळून प्रौढ माणसाने दिवसाकाठी सुमारे 50 ग्रॅमच्या आत राहावे आणि शक्य तर 25 ग्रॅमच्या आत. म्हणजे सारी मर्यादा चहातच संपते.

यावर उपाय शोधताना आम्हांला संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तातील दोणपाक सुत्त पुन्हा पुन्हा आठवते. कोसलाचा राजा पसेनदि एका वेळी दोणभर तांदळाचा भात खाई. असाच एकदा तो जेवून, धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला दोष दिला नाही. जो स्मृतिमान आहे आणि मिळालेल्या अन्नाची मात्रा जाणतो, त्याच्या वेदना हलक्या होतात व तो सावकाश वृद्ध होतो, अशा आशयाची गाथा ते बोलले. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करावयास सांगितली, जेवताना ती म्हणून दाखवावयाची आज्ञा केली आणि त्याबद्दल रोज शंभर कहापण देऊ केले. क्रमाक्रमाने राजा नाळीभर भातावर आला. नाळी हे दोणापेक्षा पुष्कळ लहान माप होय. पुढे आपल्या सडपातळ अंगावरून हात फिरवीत, भगवंतांनी आपल्यावर इहलोकीच्या व परलोकीच्या अशा दोन्ही हितांची अनुकंपा केली, असे उद्गार त्याने काढले.

अट्ठकथा याहून बारीक तपशील देते, आणि खरी युक्ती तेथेच आहे. गाथा म्हणावयाची ती राजा शेवटचा घास घेत असताना. ती ऐकून राजा तो घास बाजूला ठेवी, आणि पुढच्या वेळी तेवढेच तांदूळ कमी शिजविले जात. येथे उपवास नाही, शपथ नाही. कमी झाला तो एक घास.

हे ठाऊक असूनही आम्ही आमच्या विहारात आरंभी चूक केली. एका वर्षावासात रविवारच्या चहातून साखर एकदम वर्ज्य केली. परिणाम असा की, मंडळी वंदना आटोपून फाटकाबाहेरच्या टपरीवर जाऊ लागली. पुढील वर्षी पसेनदिचा मार्ग धरला. पातेल्यात पडणारी साखर दर रविवारी थोडी थोडी घटविली. एक-दोन ज्येष्ठांनी कुरकुर केली, बाकीच्यांच्या ती ध्यानातही आली नाही. वर्षावास संपताना साखर निम्म्यावर आली होती. नंतर एका उपासिकेने सांगितले की, लग्नघरचा चहा तिला पाकासारखा लागला. जिभेला लागलेली सवय जिभेलाच सोडता येते, पण तिला काही आठवडे द्यावे लागतात.

अधूनमधून उसळणाऱ्या गोडाच्या ओढीचे काय? प्रतीत्यसमुत्पादात वेदनेतून तृष्णा उद्भवते. जिभेवरची गोडी ही वेदना. 'अजून एक हवा' ही तृष्णा. या दोहोंच्या मधल्या क्षणी स्मृती ठेवण्याचा अभ्यास आपण ध्यानात करतोच, तोच येथे करावयाचा. ओढ उठली की तिला नाव द्यावे, घोटभर पाणी प्यावे, थोडे थांबावे. पुष्कळदा ती ओसरते. ओसरली नाही तर आपण भुकेले तर नाही ना, हे पाहावे. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटांवर निघालेल्या माणसाला चार वाजता जिलेबी आठवली, तर तो तृष्णेचा दोष कमी आणि न खाल्लेल्या भाकरीचा अधिक. मूठभर फुटाणे वा शेंगदाणे अशा वेळी उपदेशाहून उपयोगी पडतात.

गूळ आणि मध निरुपद्रवी, हा भ्रम मात्र सोडला पाहिजे. रक्तातील साखर दोन्ही वाढवितात. रसवंतीवरच्या उसाच्या रसाचेही तसेच. मोर्शी-वरूडचा संत्रा सोलून खावा. त्याचा रस काढला की तीन-चार फळांची साखर एका पेल्यात उतरते आणि चोथा मागे राहतो.

याचा अर्थ धम्म गोडाचा वैरी आहे असा नव्हे. सुजाताची खीर आपण दर वैशाख पौर्णिमेला स्मरतो. विनयात तूप, लोणी, तेल, मध व फाणित म्हणजे काकवी यांना औषध म्हणून अनुमती आहे, तीही सात दिवसांहून अधिक साठवू नये या मर्यादेसह. इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्याला घाम सुटून थरथर जाणवू लागली, तर तीन चमचे साखर हेच त्या क्षणीचे औषध होय. अशांनी आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. बाबासाहेबांची अखेरची वर्षे मधुमेह आणि मज्जातंतूंच्या वेदनांत गेली, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांनी त्याच अवस्थेत सिद्ध केला. तो 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, छापून आला.

आमच्या विहारापुरते आम्ही इतके ठरविले आहे: बुद्ध पौर्णिमेची खीर राहील, पण लहान वाटीत, आणि शेजारी मठ्ठ्याचे पातेले राहील. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत सरबताबरोबर साध्या थंड पाण्याचे रांजणही मांडले जातील. ज्याने खीर नाकारली त्याला कारण विचारले जाणार नाही.