स्वप्नातील सराव आणि जागेपणीचा तोल

आपण स्वप्न पाहत आहोत, हे स्वप्नातच उमगणे म्हणजे सजग स्वप्न. अशा स्वप्नात पेल्यात नाणे टाकण्याचा सराव केलेल्यांचा नेम जागेपणी सुधारल्याचे एर्लाखर व श्रेडल या संशोधकांनी २०१० मध्ये एका छोट्या प्रयोगात नोंदवले.

तथापि, ज्येष्ठांनी त्यासाठी मध्यरात्री गजर लावून झोपमोड करू नये. अपुऱ्या झोपेने दिवसा तोल जाण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी जागेपणीच मनात तालीम करावी. मुळशीच्या पावसाळ्यात ओल्या पायऱ्या उतरायच्या असतील, तर आधी खुर्चीत स्वस्थ बसून डोळे मिटावेत. कठड्यावरील घट्ट हात, पायरीवर पूर्ण टेकलेले पाऊल, मग दुसरे पाऊल, हे सारे सावकाश अनुभवावे. त्यानंतर कोणाला तरी सोबत घेऊन प्रत्यक्ष उतरावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक जाणावे. स्वप्ने पडतात त्या निद्रेत शरीराचे स्नायू एरवी शिथिल असतात. घरातील वडीलधारी व्यक्ती स्वप्नाच्या भरात ओरडत, हातपाय झाडत असेल, तर ती केवळ सवय समजू नये. ते कंपवाताचे पूर्वलक्षण असू शकते. पलंगालगत जाड गादी अंथरावी आणि मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.