वचन छान आहे, पण सनद कुठे आहे?

जालना जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत परिपाठाला रोज फळ्यावर एक सुविचार लिहिला जातो. आम्ही वर्षानुवर्षे हे सुविचार एका वहीत उतरवत आलो. ज्ञान, मेहनत, व्यवस्थापन, अलीकडे संगणक. वही जाड होत गेली आणि आम्हाला तिचा अभिमानही वाटू लागला.

एकदा आठवीतल्या मुलीने विचारले, "सर, कलामसाहेब हे कुठे बोलले होते?" तो सुविचार आम्हाला मोबाईलवर आला होता. "शोधून सांगतो," म्हणालो. खूप शोधले, सापडले नाही.

मग वही नव्या नजरेने चाळली. ज्ञानासाठी चीनला जावे लागले तरी जा, अशा अर्थाचे वचन आम्ही कितीदा तरी हदीस म्हणून लिहिले होते. इब्ने जौजी (रह.) यांनी त्याची गणना बनावट रिवायतींत केली आहे, इतर अनेक मुहद्दिसांनी ते जईफ ठरवले आहे. ज्ञान मिळवणे प्रत्येक मुस्लिमावर फर्ज असल्याची हदीस मात्र सुनन इब्ने माजामध्ये आहे. म्हणजे ज्ञानाचे महत्त्व तसूभरही कमी झाले नाही. चूक आमची होती. प्रेषितांच्या (स.) नावावर आम्ही खातरजमा न करता लिहीत होतो.

खरे तर पडताळणीची शिस्त आपल्या घरचीच आहे. सूरह हुजुरातची 6वी आयत आलेल्या बातमीची खातरी करायला सांगते. इमाम बुखारी (रह.), ज्यांचे निधन इ.स. 870 मध्ये झाले, ते प्रत्येक रिवायतीची सनद तपासत. कोणी कोणाकडून ऐकले, दोघांची भेट झाली होती का, रावी सच्चा आणि पक्क्या स्मरणाचा होता का, हे पाहिल्याशिवाय हदीस घेत नसत.

दुनियेच्या गोष्टींतही हीच सवय कामाला येते. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर उशीर वाढतो, हा विचार फ्रेड ब्रूक्स यांचा. आयबीएममधल्या अनुभवावरून त्यांनी तो 1975 च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात मांडला. सनद मिळाली. पण तो पटतो का, हे आपणच तपासायचे. आम्ही वर्गात विचारले, तेव्हा मुलांनी दावतीचे उदाहरण काढले. कांदे सोलायला दहा हात आले तर काम लवकर उरकते. पण देग उशिरा चढली आणि ऐन वेळी चार नवे बावर्ची आले, तर जुना बावर्ची त्यांना समजावण्यातच अडकतो. म्हणजे नियम प्रत्येक कामाला लागू नाही. तो ढोबळ असल्याचे स्वतः ब्रूक्स यांनीही म्हटले आहे.

आता आमच्या नव्या वहीत चार रकाने आहेत: वचन, कोणाचे, कुठे सापडले, आम्हाला पटले का. ही वही जुनीपेक्षा फार बारीक आहे. कधी फळा कोराही राहतो.

घरोघरी अशी एक वही मुलांच्या हाती द्यावी. जुम्म्याच्या सकाळी मोबाईलवर येणारे सुंदर संदेश पुढे पाठवण्याआधी त्यांनाच विचारावे, "बेटा, याची सनद काय?"